वहीतली कोरी ओळ

“...मग शब्द दिलाच कशाला होता त्यांनी?”

फादर इग्नात्स बटाटे सोलत होते. युद्ध संपून दोन वर्षं झाली, तरी जर्मनीतल्या त्या खेड्यात बटाट्याची सालं अजून कागदासारखी पातळ निघायची. म्हाताऱ्याने मान वर केली नाही.

कॅप्टन लोथार उभाच होता. कुणी खुर्ची दिली तर नको म्हणायचं, हा त्याचा जुना बाणा. कर्नल कोन्राड लिंडेकांच्या हाताखाली त्याने चार वर्षं काढली होती. सगळे त्याला त्यांचा उजवा हात म्हणायचे. हिटलरविरुद्धच्या कटात त्या कर्नलांना फाशी झाली. उद्या याच चर्चच्या अंगणात त्यांच्या नावाचा दगड बसणार होता, आणि कर्नल माणूस म्हणून कसे होते ते लोथारने चार शब्दांत सांगावं, असं त्यांच्या बायकोने विनवलं होतं.

“काय सांगू मी? शूर होते, ते दगडावर कोरलंच आहे. माणूस म्हणून... कोरडे होते. आतल्या गाठीचे. कटाबद्दल मला अवाक्षर बोलले नाहीत. उलट पार नॉर्वेला, घोंगड्यांच्या गोदामावर धाडलं.”

“हं.”

“तेही गिळलं मी. पण माझ्या लेकीचा, आग्नेसचा बाप्तिस्मा...”



त्या गावात बाप्तिस्म्याच्या वेळी तान्हं बाळ धर्मबापाने हातांवर धरायचं, आणि त्याचं नाव बाळाच्या नावाशेजारी चर्चच्या वहीत कायमचं लिहायचं. कर्नलांनी आपण होऊन शब्द दिला होता. लोथार रजा काढून आला. बायकोने तीन महिने साखर साठवून केक केला. आणि ऐनवेळी चिठ्ठी आली: ‘येत नाही. माझं नाव कुठेही लिहू नये.’ ना ख्याली, ना खुशाली. शेवटी घंटा वाजवणाऱ्या बहिऱ्या फ्रान्झने पोर धरली. त्याचं नाव लिहू द्यायला लोथार काही केल्या तयार होईना, म्हणून ती ओळ कोरीच राहिली. चारचौघांत मान खाली गेली होती ते अजून सलत होतं.

“मी उद्या खरं तेच बोलणार,” तो म्हणाला. “शूर होते. माया नव्हती.”

फादरनी सुरी खाली ठेवली, हात पुसले. कर्नल लिंडेकांना लहानपणी अक्षरं त्यांनीच शिकवली होती.

“कोन्राड आणखी दोन पोरांचा धर्मबाप होता,” ते म्हणाले. “त्या पोरांचे बाप कुठे आहेत?”

साऱ्या गावाला ठाऊक होतं. एक तुरुंगातच मेला. दुसरा परत आला, पण त्याच्या बायकोनेही त्याला ओळखलं नाही.

“कट फसल्यावर हिटलरच्या पोलिसांतले दोघं जण आले. वही मागितली. कोन्राडचं नाव शोधत पान न् पान चाळलं. तुझ्या लेकीच्या ओळीवर एकाचं बोट थांबलं... मग पुढे सरकलं.”

लोथार खाली बसला. कुणी बस म्हटलं नव्हतं.

“मला... मला कधी सांगितलं नाहीत?”

“तू विचारलंस कधी? रागावून गेलास तो आज उगवतोयस.”

“पण निदान एकदा बघायला तरी...”

“आला होता.”

“कधी?”

“तुम्ही सगळे केक खायला गेलात तेव्हा. मागच्या दाराने. टोपी हातात धरून पाण्याच्या कुंडापाशी बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, रडली का? म्हटलं, गाव गोळा केलं. तर काय हसला! छपराला ऐकू जाईल असं. पहिल्यापासून तसाच हसायचा. नाही?”

“मी कधी ऐकलं नाही,” लोथार हळूच म्हणाला.

चार वर्षं एका छपराखाली काढली, आणि हा माणूस मोठ्याने हसतो हे त्याला माहीत नव्हतं!  

“मग विचारलं, वजनाला केवढी आहे?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

फादर उठले. फळीवरून जुनं बायबल काढलं. कातडी बांधणीचं, चांगलं जाडजूड धूड होतं ते.

“सांगितलं नाही. हे दिलं. म्हटलं, एवढी.”

आणि त्यांनी ते लोथारपुढे धरलं.

लोथारने घेतलं. पुस्तक घेतात तसं, एका हाताने.

म्हातारा त्या हाताकडे बघत राहिला...

“असं नाही,” फादर म्हणाले. “त्याने मानेखाली हात घातला होता.”