चिमण्यांचा रांजण

सावरदरे हे गाव नदीच्या वळणावर वसलेले. तिथल्या महादेवाच्या ओवरीत हरिगीर महाराज एका माघात येऊन उतरले, ते चैत्रातल्या जत्रेपर्यंत राहिले. महाराज बोलत थोडे. कोणी भाकरी आणून दिली तर खावी, नाही दिली तर नदीचे पाणी पिऊन नाम घेत बसावे. त्या मुक्कामात कुंभारवाड्यात जे घडले, ते भाविकांनी मन घट्ट करून ऐकावे.

कुंभारवाड्यात भिवरा नावाची विधवा होती. नवरा गेल्यावर ती थोरला दीर म्हसाजी याच्या आश्रयाने राही. चाकावर बसायचे म्हसाजीने. माती तुडवायची, राख चाळायची आणि भांड्यांवर ठसे उठवायचे भिवराने. बाभळीच्या काट्याने ती मातीचे इवलाले ठसे कोरी आणि भाजून ठेवी. भांडे अर्धे सुकले की आतून हाताचा आधार द्यायचा आणि बाहेरून ठसा हलकेच दाबायचा. जोर जास्त झाला की भांडे चेपे, कमी झाला की नक्षी उठत नसे. हे सारे तिची लेक रंगू मांडीशी बसून शिकली. त्या पोरीने आपल्या हाताने चिमणीचा एक ठसा कोरला होता. एक पंख मोठा, एक लहान.

"आई, ही उडंल का गं?"

"उडंल की. जरा तिरकी उडंल."

पौषात देवीच्या रोगाची साथ आली आणि रंगू गेली.

जत्रेत देवळाच्या दारी पाण्याचा रांजण ठेवण्याचा मान म्हसाजीच्या घराण्याचा. त्या वर्षीचा रांजण सावलीत सुकत होता. भिवराने कुणाला न विचारता त्याच्या गळ्याभोवती रंगूच्या चिमण्या उठवल्या. तहानलेले लोक पाणी पितील, कुणाच्या तरी तोंडून पोरीला दुवा मिळेल, एवढेच तिच्या मनात होते.

म्हसाजीने ते पाहिले मात्र, त्याचा संताप मावेना. साऱ्या आळीसमोर तो ओरडला, "नवरा खाल्लास, पोर खाल्लीस, आता देवाचा रांजण बाटवतीस व्हय? माझ्या घडणीला तुझ्या चिमण्यांची काय गरज?"

दोघेचौघे हसले. म्हसाजीने ओले फडके आणि करवंटी घेतली आणि एकेक चिमणी खरवडून रांजणाचा गळा गुळगुळीत केला. मग भिवराच्या हातातला ठसा हिसकून त्याने टाचेखाली चुरडला.

तो चुरा पदरात गोळा करून भिवरा ओवरीत आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. "महाराज, देवीनं पोर नेली ती नेली. तिच्या हातचं एवढंच होतं माझ्यापाशी."

महाराजांनी ओंजळ पुढे केली आणि चुरा घेतला. मग म्हणाले, "भांडी भाजायचा आवा कधी लावणार?"

"उद्या. जत्रेच्या आदल्या दिवशी."

"मी येतो."

दुसऱ्या दिवशी आवा रचून झाला. रांजण तळाशी होता. महाराजांनी तो चुरा वरून भुरभुरला. म्हसाजी हसून म्हणाला, "महाराज, भांडी जाळावर भाजतात, अंगाऱ्यावर नाही."



जाळ धरला आणि कुठून कोण जाणे, वारे सुटले. आवा भडकला. आतून भांडी तडकल्याचे आवाज येऊ लागले. विझवायला कोणी जवळ जाऊ शकेना. सकाळी राख उपसली तर मडकी, घागरी, परळ, सारे खापर झालेले! जत्रेचे लोक नदी उतरून येऊ लागले होते. म्हसाजी मटकन खाली बसला आणि भिवराकडे बोट करून ओरडला, "हिचीच हाय लागली!"

"म्हसाजी," महाराज म्हणाले, "तळाची राख काढ."

म्हसाजीने राख सारली. खाली रांजण उभा होता, अखंड! काय ते नवल! त्याच्या गळ्याभोवती चिमण्यांची ओळ ठसठशीत उठली होती. एक पंख मोठा, एक लहान. जिथे करवंटी फिरली होती, नेमके तिथेच.

म्हसाजी महाराजांच्या पायांवर पडणार, तोच ते बाजूला झाले. "मला कशाला? जिच्या चिमण्या पुसल्यास, तिच्यापुढे जा."

आळीतल्या बायांनी हात जोडले होते. भिवरा तेवढी ताठ उभी होती. ती म्हणाली, "महाराज, पुसलेली चिमणी परत आणलीत. मग माझी रंगू का नाही आणलीत?"

महाराजांचे डोळे भरून आले. "माई, ते माझ्या हाती असतं तर तुला विचारायची वेळ आली नसती."

लोकांनी जयघोष करत रांजण उचलून देवळाच्या दारी नेला. उन्हातून आलेली माणसे पाणी पिऊन तृप्त होऊ लागली, महाराजांचे नाव घेऊ लागली.

इकडे म्हसाजीने भिवराच्या पायांपाशी राखेत कपाळ टेकले. "भिवरे, चुकलो गं. माझी चूक पदरात घे."

भिवराने पाय मागे घेतले नाहीत. ऊठ असेही म्हटले नाही. आळीतले कोणीतरी तिला म्हणाले, "अगं, थोरला दीर आहे, एवढा वाकलाय, माफ कर की."

"तिला घाई करू नका," महाराज म्हणाले आणि आपली झोळी खांद्याला लावून नदीकडे चालू लागले. म्हसाजी तसाच वाकून राहिला.