राणीची फुंकर

एका राज्यात, जिथं झाडांच्या सावल्या झाडांच्या आधी निजत, कुसुंबा नावाची राणी होती. तिचे बाळराजे नुकते रांगायला लागले होते.

एका सकाळी राणीनं चूळ भरली, तर पाणी डाव्या ओठातून ओघळलं. आरशात पाहिलं. उजवा चेहरा जागा होता, डावा निजला होता. ती बाळाकडं बघून हसली, तर बाळ घाबरून दाईच्या पदरात शिरलं.

"अगं बाई! वारं गेलं राणीसाहेबांवरून," दाई भिवरा म्हणाली. "गालाला तापल्या सळईचा डाग द्या."

"सळई आणा," राजा म्हणाला.

तोच खिडकीत पिंगळा येऊन बसला. टीचभर घुबड, पण बोलणारं.

"राजा, सळईनं कातडी जळते, चेहरा जागा होत नाही. आधी मला बघू दे. राणी, भुवया उचल."

उजवी उचलली गेली, डावी नाही.

"डोळे मीट."

उजवा मिटला. डाव्याचं बुबुळ वर गेलं, पांढरा डोळा उघडाच राहिला.

"फुंकर मार."

हवा डाव्या ओठातून निसटून गेली.

"कपाळ हललं असतं, हात लुळा पडला असता, तर घाव मेंदूवर होता. हा तसा नाही. कानामागच्या अरुंद बोळातून चेहऱ्याची शीर येते, ती सुजून अडकली आहे. सुजवली अर्धमुख्यानं. आयांचं हसू चोरतो तो मांत्रिक. बाळ त्या हसण्याला भुलून आपणहून त्याच्याकडं गेलं, की त्याचं झालं."

"उपाय?"

"तीन. सूज उतरवणारा काढा आजच घे, उद्यावर टाकू नकोस. उघडा डोळा ओला ठेव, निजताना झाक. आणि त्याच्या हातातला निळा दिवा फुंकरीनं विझव."

राणीनं काढा घेतला. दिवेलागणीला अर्धमुख्या भिंतीतून आला. तो फक्त बाळाला आणि तिच्या न मिटणाऱ्या डोळ्याला दिसे. त्याच्या हातात निळा दिवा होता आणि चेहऱ्यावर तिचंच हसू, खळीसकट. बाळ खुदकन हसलं आणि तिकडं रांगू लागलं. राणीनं झडप घालून उचललं.

मग तो रोज येऊ लागला. राणी दिव्यावर फुंकर मारी, पण हवा डाव्या ओठातून निसटून जाई. बाळाला कुठंही नेलं तरी तिथल्या भिंतीतून निघे. राणी डोळा झाकेचना, पहारा देत बसे. डोळा सुकून लाल झाला.

"आता रात्रंदिवस झाक," पिंगळा म्हणाला.

"झाकला तर तो दिसणार नाही रे! माझं बाळ जाईल."

"न झाकलास तर डोळा जाईल. मग कशानं बघशील?"

राणीनं रडतरडत डोळ्यावर रेशमी पट्टी बांधली.

दिवेलागण झाली. दालनात तो कुठंच दिसेना. नुसता गार वारा. इतक्यात बाळ हसलं.

राणीला उमगलं. बाळ हसतंय जिकडं, तो उभा तिकडं. ती बाळाच्या पुढं सरकली, लुळा ओठ बोटानं दाबून धरला आणि फुंकर मारली. फुस्स! पुन्हा मारली. समोरून तिच्याच आवाजात कुणीतरी खिदळलं. तिसऱ्या वेळी बोटाखाली ओठ थरथरला.

फू!

जळक्या वातीचा वास आला. भिंतीत काहीतरी खरवडत दूर गेलं.

डाव्या गालाला मुंग्या आल्या. चेहरा हळूहळू जागा झाला, घाई न करता. राजानं ती सळई वाकवून पाळण्याची कडी करून घेतली. पट्टी सुटली त्या दिवशी राणी गरम भातावर फुंकर घालत होती. बाळराजांनी तिच्या खळीत बोट घातलं, गाल फुगवले आणि म्हणाले, "फू!"