साळूचं न संपणारं पुस्तक

फार वर्षांपूर्वी एका टेकडीवरच्या बिळात साळू नावाचा साळिंदर एकटाच राहायचा. एका हिवाळ्यात खालच्या तळ्यावर करकोचा आला आणि दोघांची गट्टी जमली. करकोच्याने त्याला एक जाडजूड पुस्तक भेट दिलं, दूरदेशीच्या तळ्यांचं. साळूला आवड कंदमुळांची. चार पानांतच तो जांभया देऊ लागला. पण एवढ्या प्रेमाने दिलेलं पुस्तक वाचल्याशिवाय तोंड कसं दाखवायचं?

करकोचा रोज बिळाशी येऊन हाक मारायचा, "साळूदादा, आहेस का घरात?"

साळू श्वास रोखून गप्प बसायचा. पुस्तक संपलं की जाऊच, असं मनाशी म्हणायचा. पुढे हाका थांबल्या.

अखेर शेवटचं पान वाचून तो धावतच तळ्यावर गेला. तिथे एकटी पाणकोंबडी पोहत होती.

"करकोचा परवाच गेला," ती म्हणाली. "ऊन तापायला लागलं ना."

"पुस्तकाचं काही विचारत होता?"

"कसलं पुस्तक? साळू बरा असेल ना, एवढंच रोज विचारायचा."

साळू काठावर बसला.

"बरा आहे रे," तो रिकाम्या पाण्याकडे बघत हळूच म्हणाला.