ओट्यावर ओवलेली पोत

फाल्गुन शुद्ध द्वितीया. सकाळी हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. दुपारपासून धुळीचा वारा.

एकदा एका गावात दागिने दोऱ्यात ओवून देणारे एक वृद्ध पटवेकरी राहत होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. कुमुद नावाची एक विधवा त्यांच्याकडे हे काम शिकत होती. तिच्या मुलीचे, शर्वाणीचे, लग्न पाच दिवसांवर आले होते. मंगळसूत्राची काळ्या मण्यांची पोत माहेरने द्यावी, अशी त्या गावची रीत. आणि विधवेने त्या मण्यांना हात लावू नये, हीही तिथलीच रीत. कुमुदला मात्र मुलीला स्वतःच्या हातचेच काही द्यायचे होते.

त्या दुपारी तिने दुपदरी पोत पुरी केली, पदराखाली झाकून तात्यांकडे नेली आणि त्यांच्या हातात ठेवली.

तात्यांनी ती उजेडात धरून मणी न् मणी पाहिला, गाठ ओढून पाहिली. "माझ्यापेक्षा बरी गाठ मारतेस," ते म्हणाले. आणि कात्री घेऊन त्यांनी पोत मधोमध कापली. मणी खालच्या ताटात सांडले.

"तात्या! अहो, हे काय केलंत?" कुमुदचा आवाज चिरकला. "काय चुकलं होतं तिच्यात?"

"पोतीत काही चुकलं नव्हतं. कुठं बसून ओवलीस?"

"माजघरात."

"दार?"

"लावलं होतं," ती खाली बघत म्हणाली.

"आणि शर्वाणीला काय सांगणार होतीस?"

ती म्हणाली, "बाजारातून आणली म्हणून."

"म्हणजे भेट बाजाराची झाली. आईची कुठं राहिली?" तात्यांनी कात्री बाजूला ठेवली. "माझी बायको जाऊन किती वर्षं झाली, तुला ठाऊक आहे. तिच्या तेराव्यानंतर मी पुन्हा या पाटावर बसलो, आणि पहिलं काम आलं ते एका नवरीच्या पोतीचंच. आज अर्ध्या गावाच्या गळ्यात माझ्या हातचे मणी आहेत. मला कुणी म्हणालं नाही, तात्या, तुमचा हात अशुभ झाला. रीत खरी असती तर तिने मलाही अडवलं असतं. तू ती मोडायला निघालीस, पण दार लावून. म्हणजे निम्मी पाळलीसच की. घे हे मणी. ओवायचे तर ओट्यावर बसून ओव, नाहीतर ओवू नकोस."

कुमुदने ताट उचलले. या वेळी पदराने झाकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरासमोरच्या ओट्यावर बसली. मेण लावलेला दोरा तिने खांबाला बांधला. येणारेजाणारे थबकू लागले. थोड्याच वेळात शेजारच्या घरातून तिच्या थोरल्या जाऊबाई तरातरा आल्या.

"अगं, हे काय मांडलंयस? लोक बघताहेत!"

"म्हणून तर इथं बसले."

"विहीणबाईंच्या कानावर गेलं तर?"

"जाईल ना. काल संध्याकाळीच निरोप धाडलाय मी."

जाऊबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पोरीच्या संसाराची तरी भीती बाळग! तुझा हात लागलेले मणी..."

"जाऊबाई, तुमच्या गळ्यातली पोत कुणी ओवली?"

"तात्यांनी. गेल्याच वर्षी. का?"

कुमुदने नुसते त्यांच्याकडे पाहिले. जाऊबाईंचा हात आपसूक गळ्याशी गेला.

"ते पुरुष आहेत," त्या म्हणाल्या.

"अगंबाई! मण्यांना तेवढंही कळतं होय?"

समोरच्या ओट्यावर कुणीतरी फिसकन हसले. जाऊबाईंचा चेहरा लाल झाला. "असल्या लग्नात मी पाऊल टाकणार नाही," असे बजावून त्या परत फिरल्या.

कुमुद पुन्हा ओवू लागली. एक मणी निसटून पायरीवर गेला. तो उचलला शर्वाणीने. ती केव्हापासून दारात उभी होती.

"आई, ही माझी?"

"तुझी. मी ओवतेय. सगळ्यांदेखत. नको असेल तर आत्ताच सांग."

शर्वाणीने तो मणी आईच्या तळहातावर ठेवला, खांबाचा दोरा सोडला आणि त्याचे टोक स्वतःच्या हातात धरून ती समोर बसली.

फाल्गुन शुद्ध सप्तमी. सकाळी हवा गार, वारा नाही. लग्न ठरल्या मुहूर्तावर लागले. निरोप ऐकून विहीणबाईंनी दुसरी पोत आणली होती. ती डबीतच राहिली. शर्वाणीच्या गळ्यात आईची पोत होती. जाऊबाई आल्या नाहीत.