गुळाचं खोटं माप

मथुराकाकूंसारखे अनारसे त्यांच्या गावात कुणालाच जमत नसत, आणि ते जमू नयेत याची काळजी काकू स्वतःच घेत.

कुणी कृती विचारली तर त्या कधी नाही म्हणत नसत. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, सावलीत सुकवून कुटा, सगळं नीट सांगत. फक्त गुळाचं माप खोटं सांगत. स्वतः वाटीभर पिठाला वाटीभर गूळ घेत आणि दुसरीला दीड वाटी सांगत. गूळ जास्त झाला की अनारसा तुपात विरघळतो. दुसरीचे अनारसे बिघडल्याचं कळलं की काकू गालातल्या गालात हसत.

लेकीचं, सुमनचं, लग्न झालं आणि पहिलाच अधिक महिना आला. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं होतं. विहीणबाई कडक स्वभावाच्या. "आईने काही शिकवलंय की नाही?" हे सुमन रोज ऐकत होती. वाण बिघडलं तर पोरीला जन्मभर टोमणे खावे लागणार होते.

नेमका पंधरा दिवस आधी काकूंचा उजवा हात कढत आमटीने भाजला.

शेजारची कावेरी धावून आली. "काकू, पीठ मी करते. दोन वर्षांपूर्वी तुम्ही सांगितलंत ना, अगदी त्याच मापाने! तेव्हा माझे बिघडले, पण या वेळी तुम्ही जवळ आहात."

खरं माप काकूंच्या ओठांवर आलं होतं, पण ते सांगायचं तर खोटेपणा उघडा पडणार. "कर बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

कावेरीने पीठ मुरत ठेवलं. एक दिवस डबा दाखवत म्हणाली, "काकू, पीठ फार सैल वाटतंय हो."

"येईल घट्ट," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी मान फिरवली. त्या दिवसांत त्यांना जेवण गोड लागलं नाही.

वाणाचा दिवस उजाडला. व्याही, विहीण, जावई बाहेर येऊन बसले. आत कावेरीने पहिला अनारसा तुपात सोडला. तो पसरला आणि विरघळून गेला. दुसराही गेला. तिने तिसरा सोडला. तोही गेला. सुमनचा चेहरा पांढराफटक पडला.

विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "हे काय चाललंय?"

कावेरी रडतच म्हणाली, "काकूंचा काही दोष नाही. माझ्याच हाताला यश नाही."

"मग असल्या हाताकडे वाणाचं काम दिलंच कसं?"

काकूंनी फक्त गप्प राहायचं होतं. दोष आयताच दुसरीच्या माथी गेला होता. पण मान खाली घालून उभी असलेली कावेरी त्यांना बघवेना.

"तिचा हात चांगला आहे," काकू म्हणाल्या. "माप मी खोटं सांगितलं होतं. तिलाही आणि सगळ्या गावालाही."

कढईतलं तूप धुरकटायला लागलं.

"आधी कढई उतरव," काकू म्हणाल्या. "तांदळाचं कोरडं पीठ उरलंय ना? थोडं थोडं घालून मळ."

कावेरीने डोळे पुसून पीठ मळलं. खसखशीवर अनारसा थापून तुपात सोडला. अनारसा टिकला. त्याला बारीक जाळी पडली. मग एकामागून एक तेहतीस झाले.

विहीणबाईंनी एक मोडून खाल्ला. "वाण घेऊ आम्ही," त्या म्हणाल्या, "पण मला खरं माप सांगा."

कावेरीने शेवटचा अनारसा ताटात ठेवला. काकूंकडे न पाहता ती हळूच म्हणाली, "काकू, ते अनारसे बिघडले तेव्हापासून दोन वर्षं सासूबाई मला सणावाराला कढईजवळ उभं राहू देत नाहीत."

काकूंना रडू आवरेना. त्याच दिवशी भाजलेला हात गळ्यात अडकवून त्या कावेरीच्या सासूबाईंच्या दारात गेल्या, आणि पुढे घरोघर जाऊन खरं माप सांगून आल्या.

तात्पर्य: आपला मोठेपणा टिकवण्यासाठी दुसऱ्याला अर्धवट शिकवू नये, त्यात तो बिचारा स्वतःलाच कमी समजू लागतो, आणि अडचणीच्या वेळी आपल्यालाही त्याच्याच हातचं खावं लागतं.