साळूचे कंद आणि घारीची पाहणी

फार वर्षांपूर्वी, जंगलातले प्राणी शेती करत, तेव्हाची ही हकिगत. जो जमीन कसेल त्याला बियाण्याची थैली मदत म्हणून द्यायची, असं दरबाराने ठरवलं. पाहणीचं काम घारीकडे आलं.

साळू नावाच्या साळिंदरीने टेकडीखाली कंद लावले होते. घारीने वरून दोन घिरट्या घातल्या आणि म्हणाली, "साळूबाई, तुमची जमीन पडीक दिसते."

"पडीक कशी? पाला हरणांनी खाल्ला, पण कंद खाली पोसतायत. जरा उतरून बघा ना."

"आम्हाला वरूनच बघायचा हुकूम आहे. सशाचं गवत बघा, कसं लांबून दिसतं. त्याला थैली मिळाली."

साळू गोंधळली. ते गवत आपोआप उगवलं होतं, ससा तिकडे फिरकलाही नव्हता. आपल्यालाच काही कळत नसेल, असं वाटून तिने सगळे कोवळे कंद उपटून उन्हात मांडले. घार खूश झाली आणि थैली टाकून गेली.

थैलीत कंदाचंच बियाणं होतं, आणि लावणीचे दिवस तर कधीच सरले होते.

"मिळाली का मदत?" सशाने कुंपणावरून विचारलं.

साळूने सुकत चाललेल्या कंदांकडे पाहिलं. "मिळाली म्हणायची," ती म्हणाली.