परणेतली जास्तीची ओळ

"...पण बुवा, दगडाला घासायचं तरी किती, याला काही सुमार?"

गोपीनाथने हे विचारलं तेव्हा त्याची वळकटी बांधून दाराशी ठेवलेली होती. दुपारच्या एसटीने तो गावी निघाला होता, कायमचा. पखवाज सोडून भावाच्या पिठाच्या गिरणीवर बसायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

आमचे गुरू शंभूबुवा पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मळत होते.

"दगड कोण?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"मी. दुसरं कोण?"

कणीक जरा सैल झाली होती, तिच्यात बुवांनी चिमूटभर पीठ घातलं.

मी तिथेच बसलो होतो, आणि खरं सांगू का, मला गोपीनाथचा राग आला होता. संगमावरच्या आमच्या मठात त्याच्याइतका तयार हात कुणाचा नव्हता. आम्ही बाकीचे चुकलो की कान पकडायचो आणि पुढे जायचो. हा मात्र चुकला की कपाळावर चापट मारून घ्यायचा आणि म्हणायचा, "हट् गाढवा, तुला नाही यायचं." लोकांच्या जिभेला हाड नसतं ते दुसऱ्याला बोलताना. याच्या जिभेला स्वतःला बोलताना नव्हतं. वर त्याचा तोरा केवढा. मी स्वतःची गय करत नाही, तुमच्यासारखा नाही मी, असं आम्हालाच ऐकवायचा.

गेल्या दत्तजयंतीला भर उत्सवात त्याची परण अडली. परण म्हणजे पखवाजावर वाजवायची लांब, बांधीव रचना. ती शेवटी नेमकी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबली पाहिजे. शेवटच्या वळणाच्या अलीकडे एक जागा होती, तिथे याचा हात घाई करायचा. पालखीपुढे तेच झालं. त्याने हात उचलून कपाळावर मारला आणि ताल थांबला. त्या दिवसापासून ती जागा आली की हात थांबायचाच.

"मी मेहनत कमी केली का, बुवा?"

"नाही."

"स्वतःचे लाड केले?"

"नाही रे बाबा."

"मग?"

बुवांनी कणकेचा गोळा खाली ठेवला आणि ओसरीवर खेळणाऱ्या पोरांना आत बोलावलं.

लहान पोरं गोपीनाथकडेच शिकायची. आमच्याकडे वही चालत नाही. मोठ्या शिष्याने म्हणायचं आणि लहानांनी कानाने जसंच्या तसं उचलायचं. आधी तोंडाने, हाताने टाळी देत. ते पक्कं झालं की मग पखवाजाला हात लावायचा.

गोपीदादाने शिकवलेली परण म्हणा, असं बुवांनी पोरांना सांगितलं.

पोरं मांडी घालून बसली. टाळी सुरू झाली. धुमकिट धुमकिट तकिट तका... बोल स्वच्छ, लय ठाम. गोपीनाथचा चेहरा जरा सैलावला. शिकवण्यात त्याने कसूर केली नव्हती, हे त्याच्या वैऱ्यानेही कबूल केलं असतं.

शेवटचं वळण जवळ आलं. तिथे सगळ्या पोरांचे हात एकदम वर गेले. सगळ्यांनी कपाळावर चापट मारली आणि लय तसूभरही न सोडता एका सुरात म्हटलं, "हट् गाढवा, तुला नाही यायचं," आणि लगेच पुढे, तिटकत गदिगन धा. बरोबर समेवर.

मला हसू आलं होतं. गोपीनाथकडे पाहिलं आणि ते तिथल्या तिथे विरलं.

हे कुणी शिकवलं, म्हणून तो पोरांवर डाफरला. द्वारका त्यांच्यात थोरली. ती गोंधळली. तुम्हीच, दादा, रोज तिथे तेच म्हणता की, असं ती म्हणाली. उलट आम्ही ते फार घोटलंय, हेही तिने सांगितलं. मग खाली बघत म्हणाली,

"माझी चापट अजून मागे पडते. मी गाढवच आहे. मला नाही यायचं."

आज खिचडी आहे, हे सांगावं तितक्या सहज ती हे बोलली.

गोपीनाथ मटकन खाली बसला. त्याचे डोळे भरून आले.

"बुवा... हे मी नाही शिकवलं."

"पक्कं मात्र शिकवलंस."

बुवांनी दाराशी ठेवलेल्या वळकटीकडे पाहिलं. मग बुवा म्हणाले, "तुला जायचंय ना, जा. एसटीला वेळ आहे. फक्त यांच्या तोंडात घातलंस ते काढून घेऊन जा."

गोपीनाथने पोरांना समजावलं की ती ओळ परणेतली नाही, ती गाळायची. पोरांनी मान डोलावली, पुन्हा सुरुवात केली. ती जागा आली... आणि सगळी गप्प. नुसतं भोक पडलं. कुणी आधी निघालं, कुणी मागून, सम कुठल्या कुठे गेली. पुन्हा म्हटली, पुन्हा तेच. द्वारकेचा हात आपोआप कपाळाकडे निघाला.

"थांब," गोपीनाथ म्हणाला.

तो उठला. बुवांपुढचा कणकेचा गोळा उचलून त्याने पखवाजाला लावला, थापून नीट बसवला आणि पखवाज पुढ्यात घेतला. त्याचा जबडा आवळलेला होता. आता याला इथून कुणी उठवू शकणार नाही, हे मला कळलं.

त्याने परण सुरू केली. तीच जागा आली आणि हात घाईत गेला, चुकला. त्याचा हात वर उठला. समोर पोरांचेही हात वर उठले, चापट मारायला तयार.

त्याचा हात तसाच हवेत राहिला...

मग तो खाली आला, पखवाजावर. गोपीनाथ तालातच म्हणाला,

"चुकलं तर चुकलं. येणार तुला. चल पुढे."

पोरांनी ते तत्काळ उचललं. "चुकलं तर चुकलं. येणार तुला. चल पुढे." सगळ्यांत मोठा आवाज द्वारकेचा होता.

एसटी आली, उभी राहिली, गेली. गोपीनाथ वाजवतच होता. ती जागा आली की चुकत होता, ते म्हणत होता आणि पुढे जात होता. उत्सवानंतर पहिल्यांदाच परण अडत नव्हती, समेपर्यंत पोचत होती.

शेवटी घाम पुसत त्याने हात थांबवला. पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून तो बुवांकडे वाकला.

"बुवा, चूक अजून तिथेच आहे. ती कधी जाणार?"

बुवा हाताला चिकटलेली कणीक खरवडत होते.

"घाई काय आहे? ती गेली तर पोरं हे शिकायची कुठे?"